सहा बिऱ्हाडांचा स्लॅब

सोपानतात्यांनी पेढा हातात घेतला, तोंडात न टाकता तसाच खिशात ठेवला आणि मला विचारलं, "किती येळ चालंल ह्ये?"

"स्लॅब हाय तात्या, चहा न्हवं," मी म्हणाले. "दिवस मावळंल."

"मावळंल?"

"लईच गडबड असंल तर नगरपालिकेत आनी एक अर्ज टाका."

एरवी एवढ्यावर सोपानतात्या बाबर कट्ट्यावरून उतरून गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले असते, आणि आमच्या आळीची सकाळ मजेत गेली असती. त्या दिवशी त्यांनी नुसतं मागं वळून आपल्या घराच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग दाराला पाठ टेकून बसले. "बेगीन उरका म्हनावं मिस्त्रीला," एवढंच बोलले.

मला काही ते लक्षण बरं वाटलं नाही. भांडखोर माणूस गप्प बसला की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

"गयाआईचं कसं हाय?" मी निघता निघता विचारलं. भांडण भांडणाच्या जागी, शेजारधर्म त्याच्या जागी. तात्यांची आई महिनाभर अंथरुणाला होती. "मिक्सरचा तरास हुईल त्यास्नी."

"झोपलीय," तात्या म्हणाले. "चालू द्या तुमचं."

मी पेढ्यांचं ताट घेऊन पुढच्या घराकडे वळले. स्लॅबचा नारळ फुटला की गल्लीत तोंड गोड करायचं, ही आमच्याकडची रीत. वैऱ्याचं दार वगळून पुढं गेलं तर लोक वैऱ्याला नाही, आपल्यालाच नावं ठेवतात. म्हणून गेले होते. प्रेमानं गेले होते असं म्हणणार नाही.

आता हे वैर कशाचं, ते सांगते. आम्ही गलाईवाले. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हा आमच्या विटा भागातल्या माणसांचा धंदा. त्यासाठी माणसं कुठं कुठं जाऊन राहिली आहेत त्याला गणती नाही. आम्ही तमिळनाडूत सेलमला होतो. लग्न होऊन गेले ती केस पांढरे व्हायला लागल्यावर परतले. तो सगळा काळ एका खोलीत, नळ चार बिऱ्हाडांत एक, संडास त्याहून जास्त बिऱ्हाडांत एक. भांडायचं असलं तर तमिळमध्ये भांडायचं. मी ते चांगलं शिकले होते.

ॲसिडच्या धुरानं आमच्या ह्यांची छाती कामातून गेली. सेलमच्या डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीपुढं बसायचं बंद करा. बंद करून खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. हे म्हणाले, गावाकडं दोन एकर घेऊ. मी म्हणाले, शेत करायला छाती लागते, ती तर तुम्ही भट्टीत घातलीत. आपण घर बांधू, पण आपल्याला राहायला नाही; बिऱ्हाडं ठेवायला. विट्यात शाळा-कॉलेजं झाली होती, दवाखाने झाले होते, बदलीवर आलेले मास्तर आणि नर्सबाया धड जागेसाठी वणवण फिरत. खाली तीन, वर तीन. आम्ही आपले शेजारच्या जुन्या घरात, तात्यांच्या भिंतीला लागून. प्रत्येकाला वेगळा नळ, वेगळा संडास, विजेचं वेगळं मीटर. नकाशा काढणाऱ्या साहेबांना मी सांगून टाकलं होतं, जिना अरुंद झाला तरी चालेल, पण दुसऱ्याच्या बादलीमागं कुणी उभं राहायला नको.

माझ्या पाटल्या आणि गोठ ह्यांनी स्वतःच्या हातानं मुशीत टाकले. जन्मभर लोकांचे दागिने गाळणारा माणूस तेवढ्या वेळी मुशीकडं बघत बसला. मी म्हटलं, "जाळ वाढवा. बघत काय बसलाय?"

तर या इमारतीच्या पश्चिमेच्या खिडक्या तात्यांच्या परड्यात उघडत होत्या. तात्यांचं म्हणणं, परड्यात आमच्या बाया धुणं धुतात, अंघोळी करतात, खिडक्या बुजवा. माझं म्हणणं, खिडकी नसलेली खोली घेईल कोण? तात्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. मी उलटा अर्ज दिला. मग बोलणं बंद, म्हणजे साधं बोलणं बंद. मोठ्यानं बोलणं चालू होतं.

आणि वरचा स्लॅब त्याच दिवशी पडायला हवा होता. स्लॅबची टोळी कर्नाटकातली, इंडीकडची. त्यांचा नायक शिवाप्पा यानं आधीच सांगितलं होतं की उद्या सकाळच्या गाडीनं सगळी गावच्या जत्रेला जाणार, आणि तिथून परस्पर दुसऱ्या कामावर. आमचे कंत्राटदार इलाही नदाफ, त्यांना सगळे नदाफमिस्त्री म्हणत. त्यांनी सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या कामाला कबूल केल्या होत्या. आज नाही तर मग थेट पावसाळ्यानंतर. मास्तर-नर्सबाया जूनमध्ये जागा बघतात. जून हुकला म्हणजे वर्ष हुकलं. आणि सेलमच्या भागीदाराचा निरोप येऊन पडला होता: उन्हाळ्यात भट्टीवर येणार असाल तर सांगा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देतो. आमचे हे मला न सांगता जायची पिशवी भरून बसले होते. ती पिशवी मला कॉटखाली दिसली होती. परत भट्टीवर गेलेला माणूस परत येईल, याची मला खात्री नव्हती.

म्हणून त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मान्य.

मिक्सर गल्लीतच उभा केला होता. डिझेलचा मिक्सर, सुरू झाला की शेजाऱ्याच्या फडताळातली भांडी नाचायला लागत. शिवाप्पाची माणसं फळ्यांच्या उतारावर ओळीनं उभी राहिली आणि घमेली वर जायला लागली. हे खाली खुर्ची टाकून सिमेंटच्या पोत्यांवर लक्ष ठेवत होते, तोंडाला पंचा बांधून. मी वर. नदाफमिस्त्रींनी मला आधीच बजावलं होतं, "भाभी, वर या, बघा, पर शिकवू नका."

मी कोपऱ्यात उभी राहून शिकवत होते तेव्हा मला तात्यांचं परडं दिसलं.

परड्यात माणसं बसली होती. पाच-सात पुरुष, पांढऱ्या टोप्या घातलेले, उकिडवे. मागच्या पांदीनं आणखी दोघं आले, तेही तसेच बसले. कुणी कुणाशी बोलेना. सगळी बाबरांची भावकी. आणि चूल पेटलेली नाही, न्हाणीतून धूर नाही, धुणं नाही. त्या घरच्या बाया पहाटेपासून परड्यात धुणं आपटत, त्यांचा आवाज नाही म्हणजे त्यांना मुद्दाम आत ठेवलं असणार. तात्यांनी स्लॅब बंद पाडायला माणसं जमवली होती.

खाली येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊन हात जोडू या."

"कशाला?"

"खिडक्या बुजवतो म्हनू. स्लॅब तरी हू द्या म्हनू."

"तुमी पोती मोजा," मी म्हणाले आणि पदर खोचून तात्यांच्या कट्ट्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तात्या, मागल्या दारी मानसं कशाला जमवलीसा?"

तात्यांनी मान वर केली. डोळे लाल होते. मला वाटलं, रागानं.

"पावनं हायत."

"समदं एकाच दिवशी आलं व्हय?"

"पावनं काय सांगून येत्यात?"

"हे बगा," मी म्हणाले, "स्लॅबला कुनी हात लावाय आलं तर आदी माझ्याशी गाठ हाय. मी सेलमला पोलिसांशी भांडलीय."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "समद्या गावाला ठावं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोन न्हाई येत वैनी. तुमी जावा. हितं उभं ऱ्हाऊन येळ घालवू नगा."

तेवढ्यात आळीतलाच एक म्हातारा काठी टेकत त्यांच्या दाराकडं यायला लागला. तात्या ताडकन उठले, त्याला खांद्याला धरून कोपऱ्यापाशी नेलं, कानात काहीतरी सांगितलं आणि मागच्या पांदीकडं वळवलं. म्हातारा जाताना आमच्या मिक्सरकडं, मग माझ्याकडं असा काही बघत गेला की मी मनात म्हटलं, हाही फितवला.

मग मी वर गेलेच नाही. मिक्सरपाशी ठाण मांडलं. गड्यांना जेवायलाही पाळीपाळीनं सोडायचं ठरलं होतं, कारण स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये खंड पडू देत नाहीत. आधीचा माल घट्ट व्हायच्या आत पुढचा त्याला जाऊन मिळाला पाहिजे. मी प्रत्येकाला पाणी देताना म्हणत होते, "हात उचला रे बाबांनो, हात उचला." शिवाप्पा त्यांना कानडीत काहीतरी सांगे आणि सगळे हसत. माझंच सांगत असणार.

दुपार झाली. स्लॅब अर्ध्याच्या पुढं सरकला होता. तात्यांच्या भावकीतलं कुणी आलं नव्हतं. मला वाटायला लागलं, घाबरले आपल्याला.

आणि गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली. तिच्यातून तानूआक्का उतरली, तात्यांची थोरली बहीण, मंगळवेढ्याकडं दिलेली. सोबत तिचा मुलगा. तिनं एक पाय खाली ठेवला, कट्ट्यावर बसलेल्या भावाकडं पाहिलं. तात्या उठले आणि दोन्ही हात पुढं करून तिच्याकडं धावले. मी म्हटलं, बहिणीला भेटायला एवढं काय धावायचं. त्यांना तिच्या तोंडावर हात ठेवायचा होता, हे मला नंतर कळलं. ते पोचायच्या आत तिनं हंबरडा फोडला.

"आगं माझ्या आई गं..."

मिक्सरच्या वर तो आवाज गेला. लगेच बंद दाराआडून बायांचा आक्रोश उठला, एकदम, सगळ्यांचा मिळून, धरण फुटावं तसा.

कुणालाही काही सांगावं लागलं नाही. फळ्यांवरच्या गड्यांनी घमेली जिथल्या तिथं ठेवली. शिवाप्पानं डोक्याचं मुंडासं काढलं. मिक्सरवाल्यानं मिक्सर बंद केला. गयाआई गेल्या होत्या. मयत उठेपर्यंत आळीत चूल पेटत नाही, जातं फिरत नाही, लहान पोराला मोठ्यानं हसू देत नाहीत. तिथं मिक्सर चालवायचा, असं कुणाच्या मनातही येणार नाही.

नदाफमिस्त्री वरून घाईनं उतरले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भाभी, वाईट टायमाला सांगतोय. पर काम पार खोलीच्या मधोमध आलंय. बीमपातूर सुदीक गेलं न्हाई. हितं थांबलं तर जोड ऱ्हानार. पावसाळ्यात त्यातनं गळनार. वरच्या दोन खोल्या जन्माच्या गेल्या म्हना. आनी उद्या ही मानसं न्हाईत."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी तोंडाचा पंचा काढला होता. "ऱ्हाऊ दे मिस्त्री," हे म्हणाले. "म्हातारीच्या दारात मशीन न्हाई चालवायचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी जातो की सेलमला. एका वर्सानं काय हुतंय."

मला रडायला आलं, आणि खरं सांगते, ते गयाआईसाठी नव्हतं.

डोक्यावर पदर घेऊन मी तात्यांच्या घरात गेले. बाया भिंतीच्या कडेला दाटीनं बसल्या होत्या. मधोमध गयाआईंना निजवलं होतं. तात्यांची बायको, शेवंताकाकी, उशाशी होती. मी तिच्या शेजारी टेकते न टेकते तोच दारात तात्या उभे राहिले.

"मशीन का थांबलं?"

मी वर बघितलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सेलमच्या वैनी, तुमाला इचारतोय. मशीन का थांबलं?"

"तात्या, असं कसं चालवू..."

"ऱ्हायलंय किती?"

"दोन खोल्यांचं."

"मग चालू करा. भाची सांगलीसनं निघालीय. ती आल्याबिगार आईला न्यायची न्हाई. तवर बसून काय करायचं?"

भावकीतला एक वडीलधारा परड्याच्या दारातून पुढं आला. "सोपान, खुळा झालास का? मयताच्या दारात मशीन?"

"मयत माझं हाय आन्ना," तात्या म्हणाले. "मी सांगतो."

आन्ना परत परड्याच्या दाराकडं वळले. मी उठले नाही. तात्यांनी माझी वाट पाहिली नाही; ते बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग मी दारापर्यंत आले तेव्हा ते मिक्सरवाल्याशी बोलत होते आणि मिक्सरवाला मान हलवत होता. पाप लागेल म्हणत होता बिचारा. तेव्हा तात्यांनी त्याच्या हातातून हँडल काढून घेतलं, अनवाणीच पुढं झाले, हँडल इंजिनात अडकवलं आणि फिरवलं. पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग घालून फिरवलं, आणि मिक्सर सुरू झाला.

मग ते परत आत जाऊन आईच्या पायाशी बसले.

शिवाप्पानं आधी स्वतः घमेलं उचललं. त्याच्यामागं बाकीचे. त्या दिवशीचं उरलेलं काम कसं झालं, हे मी नीट पाहिलं नाही; मी आत बायांत बसले होते. पण एरवी घमेलं वर देताना ते लोक जो आरडाओरडा करत, तो एकदाही ऐकू आला नाही. नुसतं इंजिन. ते बंद पडलं तेव्हा नदाफमिस्त्रींनी दाराशी येऊन मला लांबूनच मान हलवून सांगितलं, झालं. थोड्या वेळानं भाची पोचली. गयाआईंना उचललं तेव्हा टोळीतली सगळी माणसं, सिमेंटनं माखलेल्या पायांनी, गल्लीत एका बाजूला हात जोडून उभी होती. हे तिरडीबरोबर गेले. खोकत गेले, पण शेवटपर्यंत गेले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. जूनमध्ये सहाच्या सहा बिऱ्हाडं आली. पहिली आली ती सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई, तिच्या आईला घेऊन. भागीदाराला आम्ही कळवलं, जागा द्या कुणालाही. हे त्यानंतर खूप वर्षं माझ्याशी भांडायला शिल्लक राहिले. नंतरच्या उन्हाळ्यांत त्यांचा खोकलाही कमी झाला. वरचा स्लॅब कधी गळला नाही. आणि लोकांना वाटतं तसं तात्यांनी काही अर्ज मागं घेतला नाही. महिन्याभरानं तारीख लागली तेव्हा तात्या हजर, डोक्यावर नवी टोपी, आणि साहेबापुढं माझ्या नावानं पहिल्यासारखाच शिमगा. शेवटी खिडक्या उंच घेऊन त्यांना आरपार न दिसणाऱ्या जाळीच्या काचा बसवायचं ठरलं. मी त्या वाद न घालता बसवल्या, तेव्हा तात्यांना जरा चुकल्यासारखंच झालं.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं आली होती. सुतकाच्या घरात चूल नसते, शेजाऱ्यांनी भाकरी पोचवायची. मी पिठलं-भाकरी घेऊन मागच्या दारानं गेले. तात्या बाहेर कट्ट्यावर भावकीत बसले होते. आत शेवंताकाकी एकटी, भिंतीला टेकून. मी ताट ठेवलं, तिला बळंच दोन घास खायला लावले. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकी, शेवटाला तरास झाला का वो गयाआईंला? आक्का यायच्या जरा आदी गेल्या न्हवं?"

काकीनं माझ्याकडं पाहिलं. "कुनी सांगितलं? पहाटंच गेल्या."

"पहाटं?"

"कोंबडं आरवायच्या आदी. माझ्याच मांडीवर." काकी सासूला आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईंनी पानी मागितलं, दोन चमचं पेल्या आनी मान टाकली. मी वरडनार तवर ह्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला."

"का?"

"म्हनले, आज शेजारी स्लॅब हाय. आता तू रडलीस की समदी आळी गोळा हुनार, आनी मग ती मानसं नारळसुदीक फोडायची न्हाईत. उद्या ती टोळी जानार. हे त्यांनी त्या शिवाप्पाकडनंच ऐकलं हुतं." काकी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "मग दार लावून घेतलं. पोरींना, सुनंला, समद्यास्नी सांगितलं, तोंडात पदर धरा, पर आवाज बाहेर जाऊ द्यायचा न्हाई. बूथवरनं तानूआक्काला फोन केला, तिला बी म्हनले, आईचं जास्त झालंय, ये. गेली म्हनून सांगितलंच न्हाई. भावकीला मागनं बोलवलं. आनी सोता भाईर जाऊन दाराला बसले."

सकाळी मी त्या दारापुढं पदर खोचून उभी होते. पोलिसांशी भांडलीय म्हणून सांगत होते.

"पर काकी, का?" मी पुन्हा विचारलं. "आमचं तर..."

"तुमचं वैर हाय त्ये खिडकीचं," काकी म्हणाली. "आत्याबाईंची खाट ह्या भिताडाला. तुमच्या मालकांचा खोकला त्यास्नी रातभर ऐकू यायचा. म्हनायच्या, सोपान, ह्यो गडी परत भट्टीवर गेला तर माघारी यायचा न्हाई रं. ह्ये म्हनायचे, आई, तू झोप. त्या दिशी पहाटं मला म्हनले, आई जायची हुती ती गेली. ती काय आता रडून उठायची न्हाई. एका दिशी गल्लीत दोन घरं रडाय नगोत."

त्या घरातल्या बाया सूर्य उगवायच्या आधीपासून दुपारपर्यंत तोंडात पदर कोंबून एका मेलेल्या माणसाभोवती बसून राहिल्या होत्या, आणि भिंतीपलीकडं मी गड्यांना म्हणत होते, हात उचला. मी आईवडिलांच्या मयतालाही वेळेवर पोचले नव्हते; सेलमहून येईपर्यंत सगळं उरकलेलं असे. तेव्हापासून साठलेलं कुठं होतं कुणास ठाऊक. मी काकीच्या गळ्यात पडले आणि गयाआईंसाठी मोठ्यानं रडायला लागले. इतकी मोठ्यानं की काकीलाच मला आवरावं लागलं. आता, आता, असं म्हणत ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि मग तीही रडायला लागली.

बाहेरून तात्यांचा आवाज आला. "आत कोन रडतंय गं?"

"सेलमच्या वैनी," काकीनं डोळे पुसत सांगितलं.

"रडू दे," तात्या म्हणाले. "आता काय अडतंय?"